बिनखंडाचे कूळ

पावसाळ्याच्या दिवसांत, विशेषतः आषाढ-श्रावणात, रात्री दहाच्या सुमारास एखाद्या सभ्य गृहस्थाच्या घराचा दरवाजा सताड उघडा असावा, जिन्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चपलांचा खच पडलेला असावा, आतून उदबत्तीचा वास यावा आणि दबकी कुजबूज ऐकू यावी, आणि तरीही त्या घरी बारसे, सत्यनारायण किंवा कोणाचे देहावसान यांपैकी काहीही घडलेले नसावे, असा योग ज्याच्या पाहण्यात कधी आला नाही, तो महाराष्ट्रातील शहरांत राहिला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्या घरी ब्रह्मकमळ फुललेले असते. गृहस्वामी त्या रात्रीपुरता संस्थानिक झालेला असतो, गृहिणी मसाला दुधाचे पेले मोजीत असते, आणि जिच्यावरून त्या दोघांत वर्षभर वाद झडले ती कुंडी पाटावर विराजमान होऊन सर्वांचे नमस्कार स्वीकारीत असते.

या वनस्पतीचे दप्तर तपासू गेल्यास पहिल्याच पानावर खाडाखोड आढळते. ब्रह्मकमळ या नावावर मूळ हक्क आहे तो हिमालयातील एका अगदी निराळ्या वनस्पतीचा. ती चार हजार मीटरांच्या आसपासच्या उंचीवर खडकाळ उतारांवर वाढते, सूर्यफुलाच्या कुलात मोडते, बदरीनाथ-केदारनाथास वाहिली जाते, उत्तराखंडाचे राज्यपुष्प म्हणून तिला सरकारमान्यता आहे, आणि १९८२ मध्ये टपाल खात्याने हिमालयातील फुलांची तिकिटे काढली तेव्हा त्यांतही तिला मानाची जागा मिळाली. आपल्या गॅलरीत लोखंडी गजांना टेकून जे उभे असते ते मात्र दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील दमट अरण्यांतून आलेले निवडुंग होय. द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ साली त्याला शास्त्रीय नाव देऊन दाखल करून घेतले, आणि हॉवर्थ नामक इंग्रज गृहस्थाने पुढे त्याला ‘एपिफायलम’ या प्रजातीत वर्ग केले. आमच्या इमारतीत महसूल खात्यातून अव्वल कारकून या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक सद्‌गृहस्थ राहतात. सारेजण त्यांना भाऊसाहेब म्हणतात. हा सर्व वृत्तांत मी त्यांच्या कानी घातला, तेव्हा त्यांना यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही. ते म्हणाले, “म्हणजे नाव एकाचं, कबजा दुसऱ्याचा. सातबाऱ्यावर हे नेहमीचंच आहे. बारा वर्षांची वहिवाट झाली असेल, तर आता कोणाची हरकत चालायची नाही.” त्यांच्या मते प्रकरण तेथेच निकालात निघाले. पुढे, ज्याला आपण ड्रॅगन फ्रूट म्हणतो आणि ज्याचे मळे सांगली-सोलापूरकडे कमी पावसाच्या मुलखात उभे राहिले आहेत, त्या याच निवडुंगाच्या भाऊबंदाला गुजरात सरकारने २०२१ च्या जानेवारीत ‘कमलम्’ असे नाव दिल्याचे वाचून भाऊसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि “आणखी एक फेरफार मंजूर” एवढेच उद्गार काढले.

आमच्या घरात मात्र हे प्रकरण इतक्या सहजी निकालात निघणारे नाही, कारण निवडुंग हे काट्याचे झाड असून जेथे ते वाढते तेथे घरच्या माणसांत वितुष्ट येते, अशी आमच्या मातोश्रींची दृढ श्रद्धा आहे. कोणी हौसेने आणलेले बोटभर उंचीचे, चिनी मातीच्या वाटीतील, दिसायला अत्यंत निरुपद्रवी असे निवडुंग त्यांनी त्याच संध्याकाळी परत पाठविल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. आणि त्याच मातोश्री पुरुषभर उंचीच्या या निवडुंगाला गुरुवारी हळदकुंकू वाहतात. या वनस्पतीने काटे टाकून दिलेले असल्यामुळे तिच्या जातीचा संशय येण्यास वरकरणी जागा नाही, आणि तो संशय निर्माण करण्याची जबाबदारी मीही आजतागायत अंगावर घेतलेली नाही. प्रसंग आलाच, तर पुण्यातील नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाचा दाखला मी तयार ठेवला आहे. ती मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली अशी आख्यायिका असून तुकोबारायांची पालखी पुण्यात तेथेच मुक्कामाला असते. तेव्हा जे निवडुंग विठोबाला चालले ते आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास चालू नये असे म्हणणे वारकऱ्याच्या लेकीला जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

निवडुंग म्हटले की वाळू, ऊन आणि उंट हे तिन्ही पदार्थ आपल्या डोळ्यांसमोर एकदम उभे राहतात. परंतु या कुलातील काही शाखांनी फार पूर्वीच वाळवंटाशी फारकत घेऊन अरण्यातील उंच वृक्षांच्या खांद्यांवर वास्तव्य केले. शास्त्रात अशा वृक्षवासी वनस्पतींस अपिवनस्पती म्हणतात. बांडगूळ जसे यजमानाच्या अंगात मुळे खुपसून त्याचा रस ओढते, तसे ही मंडळी करीत नाहीत. खोडाच्या सालीचा केवळ आधार घ्यावयाचा, बेचक्यात साठलेला कुजका पाला, पाखरांची विष्ठा आणि वरून पडणारा पाऊस यांवर निर्वाह करावयाचा, आणि घरमालकाशी संबंध येऊ द्यावयाचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. सह्याद्रीत आंब्या-जांभळांच्या फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी याच वृत्तीची. मराठेशाहीच्या जमाबंदीत रयतेचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, तर उपऱ्याची केवळ कराराने कसावयाची. ब्रह्मकमळ हे शब्दशः उपरी खरे, पण त्यातही त्याची तऱ्हा न्यारी, कारण हे कूळ जमीन कसतही नाही आणि खंडही भरीत नाही. या वृक्षवासी घराण्यातील एका सडपातळ शाखेने तर, बाकीचे सारे निवडुंग-कुल अमेरिका खंडे सोडावयास तयार नसताना, आपल्याच बळावर महासागर ओलांडून आफ्रिका आणि श्रीलंका येथपर्यंत बिऱ्हाड थाटले. माणसाचा हात न लागता जुन्या जगात आढळणारे निवडुंग ते एवढेच.

अशा वनस्पतीची निगा राखणे म्हणजे वस्तुतः काय, हे सांगावयास फार शाई लागू नये. तिला माती जवळजवळ नकोच असते. कुजलेला पाला, नारळाच्या काथ्याचा भुसा, विटांचे तुकडे आणि थोडा लोणारी कोळसा यांचे असे भुसभुशीत मिश्रण हवे, की वरून घातलेले पाणी क्षणभर न थांबता खालच्या भोकातून निघून जावे. कुंडी आखूड हवी, कारण मुळे दाटीवाटीने बसली की ही वनस्पती फुलण्याचे मनावर घेते. उजेड भरपूर, परंतु दुपारचे ऊन अंगावर नको. ते लागले की पाने पिवळी आणि मग तांबूस पडतात. एवढ्यावर शास्त्र थांबते. परंतु ज्या प्राण्याला काही नको आहे त्याची सेवा करण्याइतके कठीण कर्तव्य गृहस्थाश्रमात दुसरे नाही, आणि मराठी कुटुंबातील प्रत्येक घटकाला तर, समोर एखादा जीव निमूटपणे बसलेला दिसला की, त्याला निदान चहा तरी विचारावा असे वाटते. आमच्या ब्रह्मकमळाला तो खरोखरच मिळतो, म्हणजे उकळलेली चहापूड मिळते. त्याखेरीज तांदळाचे धुवण, केळ्याच्या सालींचे पाणी, पातळ ताक, वरणाच्या डाळीचे पाणी, आणि श्रावण नसेल त्या महिन्यांत मातोश्रींची पाठ वळताच चुरलेली अंड्याची टरफले, असा चतुर्विध आहार त्यास निरनिराळ्या हातांनी, एकमेकांच्या नकळत, पोहोचत असतो. या खुराकाचा व्हावयाचा तोच परिणाम होतो. पोषण, त्यातही नत्र, अतोनात झाले की ही वनस्पती फुलांचा विचार सोडून नुसता पाला वाढविते, आणि पाला वाढला की घरचे लोक म्हणतात, “बघा, ताक मानवलं तिला.”

पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझा चुलतभाऊ कोठेतरी निवडुंगाविषयी वाचून आल्यामुळे कडकडीत उपवासाचा पुरस्कर्ता आहे. त्याच्या राजवटीत पाने सुरकुततात आणि कडेने मऊ पडतात. मातोश्री सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की तांब्यात उरलेले सर्व येथे रिकामे करतात, शिवाय संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी एकदा. त्यांच्या राजवटीत बुंध्याशी कूज धरू लागते. अतिवृष्टी आणि अवर्षण या दोन्ही आपत्ती एकाच तालुक्यात, एकाच हंगामात, केवळ अंमलदार बदलल्यामुळे उद्भवल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असेल. त्यांत भर म्हणून पानांच्या बेचक्यांत कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखा पिठ्या ढेकूण दिसू लागला, तेव्हा उभय पक्षांनी प्रथमच एकत्र बसून विचारविनिमय केला आणि साबणाच्या पाण्याचा बोळा फिरविण्याचा ठराव एकमताने संमत झाला. मात्र बोळा कोणी फिरवावा हा मुद्दा तहकूब राहिल्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

ब्रह्मकमळास रूप म्हणून जे काही असते ते एका रात्रीत खर्ची पडते. एरवी ही वनस्पती फारच गबाळी. आपण जिला पाने म्हणतो ती पाने नसून चपटी झालेली खोडेच होत, आणि त्यांची वाढ कोणत्याही आराखड्यास धरून होत नाही. एक फाटा आडवा सुटतो, दुसरा शेजाऱ्याच्या हद्दीत डोकावतो, मधूनच एखादी सडसडीत गोल छडी निघून थेट छतापर्यंत जाते, आणि हे सर्व सावरून धरण्यासाठी घरातील जुन्या नाड्या, पायजम्यातून निवृत्त झालेले बंद आणि मिठाईच्या खोक्यांच्या फिती कामी येतात. पाहुण्यांस मोठ्या उत्साहाने गॅलरीत नेऊन ती दाखवावी, तर ते प्रथम तिच्या पाठीमागे पाहतात.

रात्रीशी असलेले तिचे सख्य हे केवळ फुलापुरते नाही. निवडुंग-कुलातील बहुतेकांप्रमाणे तीही दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून बसते आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतील कर्बवायू आत घेते. हा साठा रात्रभर आम्लाच्या रूपाने जमा होतो आणि दिवसा उजेडात खर्ची पडतो. या व्यवहाराचा सुगावा लागण्यात आपल्या देशाचा थोडा वाटा आहे, याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. कंपनी सरकारच्या चाकरीत मद्रास इलाख्यात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने निरनिराळ्या वेळी चावून पाहिली, आणि ती सकाळी आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळी किंचित कडवट लागतात, असे लंडनच्या लिनियन सोसायटीस कळविले. ते पत्र १८१५ साली प्रसिद्ध झाले. सरकारी अधिकाऱ्याने कचेरीच्या वेळेत पाने चघळीत बसावे आणि त्यातून शास्त्राचे काहीतरी हित व्हावे, असा सुयोग पुन्हा क्वचितच आला असेल. भाऊसाहेबांना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी तत्काळ विचारले, “प्रवासभत्ता मिळाला का त्याला?”

जूनचे पहिले पाऊस होऊन गेले की पानाच्या कडेला जी खाच असते तिच्या तळाशी एक लालसर टिंब उमटते. ते नव्या पानाचे आहे की कळीचे, यावर आठवडाभर खल चालतो. कळी असेल तर तिला देठ म्हणून एक लांबच लांब नळी फुटते आणि ती प्रथम खाली लोंबते. पुढे फुलण्याचे दिवस जवळ आले की तीच नळी टोकाशी वळून वर येते आणि हुबेहूब चिलमीचा आकार धरते. या घटकेपासून कुंडीस हात न लावणे एवढेच कर्तव्य उरते, कारण जागा, उजेड किंवा पाण्याचे मान एकदम बदलले की ही वनस्पती भरलेल्या कळ्या खुशाल गाळून टाकते. परंतु नेमक्या याच घटकेस, पाहुण्यांना नीट दिसावे म्हणून कुंडी दिवाणखान्यात आणण्याची सूचना घरात मांडली जाते. मग दिवाणखान्यात वारा लागत नाही म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाते, तेथे फोडणीचा धूर म्हणून देवघरापाशी, आणि देवघरापाशी काळोख म्हणून पुन्हा गॅलरीत. गळालेल्या कळ्यांचा पंचनामा भाऊसाहेब करतात. “दृष्ट लागली” असे कारण मातोश्री नोंदवितात, आणि इतर कोणी साक्षीदार पुढे येत नसल्यामुळे तेच ग्राह्य धरले जाते.

या सर्व उपचारांतून ज्या कळ्या वाचतात त्या एका संध्याकाळी टोकाशी फुगलेल्या आणि सैलावलेल्या दिसतात. साधारण आठच्या सुमारास बाहेरची अरुंद तांबूस दले अलग होऊ लागतात. त्यानंतर टक लावून बसणाऱ्यास फूल खरोखर हलताना दिसते. एखादी पाकळी अडते, थरथरते आणि एका हिसक्यासरशी सुटते, तेव्हा जमलेल्या मंडळींच्या तोंडून जो उद्गार निघतो तो मैफलीत समेवर निघावा तसा एकदम निघतो. अकरापर्यंत नळीसकट पाऊण-एक फूट लांबीचे शुभ्र फूल पूर्ण उमलते. आत पुंकेसरांची दाट बिछायत आणि त्यांवर अनेक किरणांची पांढरी तारका असते. त्यांत कोणाला शेषशायी विष्णू दिसतो, कोणाला पिंडी, आणि ज्याला काहीच दिसत नाही तो छायाचित्रे काढतो. परिमळ इतका भरघोस असतो, की उदबत्ती लावण्याचे वास्तविक काही कारण नसते, तरी ती लावली जातेच.

हा सारा थाटमाट ज्याच्यासाठी मांडलेला असतो तो मात्र आमंत्रितांच्या यादीत नसतो. मूळच्या अरण्यात या फुलाचा शुभ्र रंग, रात्रीचा सुगंध आणि ती खोल नळी हे सर्व लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी असते. आमच्या येथे बिचाऱ्या फुलाला बंद खिडक्या, फिरता पंखा आणि प्रखर दिवा यांच्या सान्निध्यात, बत्तीस जिन्यांवरून आलेल्या चिटणीस-हिशेबनीस मंडळींकडून दाद मिळवावी लागते. जे पतंग चुकून आत येतात ते ट्यूबलाइटवर डोके आपटीत बसतात. शिवाय या शहरातील बहुतेक ब्रह्मकमळे एकमेकांच्या पानांपासूनच लावलेली, म्हणजे वस्तुतः एकाच रोपाचे तुकडे. तेव्हा फळ धरलेले सहसा दिसत नाही, यात नवल नाही. भाऊसाहेब याला सगोत्र म्हणतात.

पहाटेपर्यंत फूल मान टाकते आणि सकाळी ओल्या फडक्यासारखे लोंबू लागते. आदल्या रात्री त्याच्यापुढे हात जोडणारे सकाळी दूध आणावयास जाताना त्याच्याकडे पाहतही नाहीत, पण त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झालेली असते, आणि ती म्हणजे एक पान मागून नेण्याची. ब्रह्मकमळ विकत घेऊ नये, भेट म्हणून यावे, अशी समजूत पुष्कळ घरांत असल्यामुळे आठवडाभर आमच्या दाराशी अर्जदारांची रीघ लागते. पान तोडून द्यावयास काही लागत नाही. लागतो तो उपदेश. कापलेले पान लगेच न लावता सावलीत आठवडाभर ठेवून कापाच्या जागी खपली धरू द्यावी, नाही तर ते कुजते, ही अट ऐकून निम्मे अर्जदार संशयाने पाहू लागतात. फूल येण्यास दोन-तीन वर्षे लागतात हे ऐकून उरलेले निम्मे पाहू लागतात.

यंदा आमच्या डोंबिवलीच्या मावशीही एक पान घेऊन गेल्या. त्यांनी ते खपली धरेपर्यंत ठेवले, विटांच्या तुकड्यांत लावले, त्याला मूळही फुटले, आणि मग दूरध्वनी करून पुढची कारवाई काय करावयाची याची त्यांनी पृच्छा केली.

“आता काहीच करायचं नाही, मावशी,” मी म्हणालो.

“ते कळलं रे,” त्या म्हणाल्या, “पण दिवसातून किती वेळा?”